यादी धरणारी

पाळणाघरातली एकवीस पोरं दुपारी एकला झोपायची ती अडीचला उठायची. त्या दीड तासात स्तमातिया आणि अरेती स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायच्या आणि कुजबुजत्या आवाजात इंग्रजीशी झटापट करायच्या. झटापट स्तमातियाची. अरेती नुसती यादी धरायची. धरायची म्हणजे यादी तेलाच्या डब्याला टेकवलेली असायची, आणि अरेतीच्या हातात बटाटा आणि सोलाणं. उद्याचे बटाटे काही कुणाच्या परीक्षेसाठी थांबत नाहीत.

"पुट अप," अरेती म्हणायची.

"उभारणे. तंबू उभारणे."

"आणखी?"

"लावणे. भिंतीवर चित्र लावणे."

"आणखी?"

"आता आणखी कुठलं? दोन पुरे की एका शब्दाला!"

"पाहुण्याला मुक्कामाला ठेवून घेणे. आणि पुढे 'विथ' लागलं तर?"

स्तमातिया कपाळावर हात मारून घ्यायची.

"सहन करणे," अरेती सांगायची. "पाहुणा चार दिवस हललाच नाही की आपल्याला जे करावं लागतं ना, ते."

मग दोघी तोंडावर ॲप्रन धरून हसायच्या, कारण पलीकडे पोरं झोपलेली.

तीन वर्षांच्या पोराचं ढुंगण धुवायला इंग्रजी कशाला लागतं, हा प्रश्न आमच्याकडे कुणी विचारत नाही. सरकारी नोकरी गुणांवर मिळते, गुण कागदावर मिळतात, आणि कागदांत सगळ्यांत वजनदार कागद परभाषेचा. म्हणून आमच्या गावात सगळे इंग्रजी शिकतात. बोलायला कुणी शिकत नाही, कागदासाठी शिकतात. बेकरीवाल्याच्या भिंतीवर तो कागद चौकटीत लावलेला आहे, पोलीस ठाण्यातल्या साहेबाच्याही आहे. आणि वाट चुकलेला एखादा परदेशी चौकात येऊन काही विचारायला लागला, की झाडून सगळे कागदवाले आपापल्या कॉफीच्या कपात डोकं घालतात.

स्तमातिया आणि अरेती दोघी नगरपालिकेच्या या पाळणाघरात अकरा वर्षं होत्या. आठ महिन्यांच्या करारावर. ऑक्टोबरात घ्यायचं, जूनमध्ये नारळ द्यायचा, मग उन्हाळाभर टोमॅटोच्या कारखान्यात उभं राहायचं आणि पुन्हा फोन येतो का याची वाट बघायची. अकरा उन्हाळे त्यांनी असे धाकधुकीत काढले होते. अरेतीची बहीण जर्मनीत श्टुटगार्टला एका हॉटेलात खोल्या झाडायची, ती दरवर्षी बोलवायची. अरेती दरवर्षी म्हणायची, "मेले तरी जाणार नाही. इथली माती सोडून तिथे मी कुणाशी बोलू?" तर दोन वर्षांपूर्वी महापौरानं भर सभेत सांगितलं होतं की पाळणाघरात दोन जागा कायमच्या भरणार. दोघींचा जीव भांड्यात पडला. दोन जागा, दोघी जणी. अरेतीनं तर देवळात मेणबत्ती लावली, तीही दोन.

पण स्तमातियाचा स्वभाव पक्का घाबरट. बाहेरून कुणी जास्त गुणांचं आलं तर? म्हणून शेहेचाळिसाव्या वर्षी तिनं दानाईच्या शिकवणीत नाव घातलं. दानाई सत्तावीस वर्षांची, चष्मेवाली, फटकळ. चौदा-पंधरा वर्षांच्या पोरींच्या मध्ये, त्यांच्याच अरुंद बाकावर, स्तमातिया आठवड्यातून तीन संध्याकाळी बसायची. पोरी तिला मावशी म्हणायच्या आणि तिच्याकडून खोडरबर घ्यायच्या.

पहिल्याच महिन्यात दानाईनं पिन मारलेल्या झेरॉक्सचा गठ्ठा हातात ठेवला. सहाशे शब्दजोड्या. क्रियापद साधं, दुधपित्या पोराला कळेल असं: घे, ठेव, दे, वळ. पण त्याच्या शेपटीला अप, ऑफ, आऊट असलं दीड अक्षर लागलं, की ते सरड्यासारखं रंग बदलायचं. टेक ऑफ म्हणजे कपडे काढणे. टेक ऑफ म्हणजे विमान उडणे. सुट्टी घेणे, नक्कल करणे, धंदा एकदम चालायला लागणे, तेही टेक ऑफच. आमच्याकडे शिकायची रीत एकच, पोपटासारखं पाठ करायचं. स्तमातियानं पाठ करायला घेतलं. फ्रीजवर कागद चिकटवले, मोरीत चिकटवले. चार दिवसांनी सगळं एकमेकांत कालवलं जायचं आणि ती रडकुंडीला यायची.

"ही भाषा आहे की चोरांची बोली?" ती एकदा वैतागून म्हणाली. "त्या शब्दाला स्वतःला तरी ठाऊक आहे का, तो काय म्हणतोय?"

अरेतीनं हातातला बटाटा खाली ठेवला. ती नववीतून शाळा सोडून कापसाच्या शेतावर गेलेली बाई. यादी धरायला लागली तेव्हा अक्षर लावत लावत वाचायची. पण दोन वर्षांत स्तमातियाचं प्रत्येक पुस्तक, प्रत्येक उतारा तिच्या नजरेखालून गेला होता. कुणीतरी विचारायला हवं आणि कुणीतरी उत्तर तपासायला हवं, एवढंच.

"अगं, तू अर्थ मोजतेस म्हणून तुझा गोंधळ होतो," ती म्हणाली. "अर्थ मोजू नकोस. हात बघ." तिनं सोलाणं फिरवलं, सालीची लांब पट्टी खाली लोंबली. "हे ऑफ. चिकटलेलं सुटलं. अंगावरचे कपडे सुटले, ऑफ. विमान जमिनीपासून सुटलं, ऑफ. आठवड्याच्या अंगावरून एक दिवस सोलून काढलास, झाली सुट्टी. गोळीचा असर उतरला, वेअर ऑफ. एकच तर आहे सगळं."

"आणि पुट ऑफ? काम पुढे ढकलणे?"

"अंगाला चिकटायला आलेलं काम झटकलंस."

"आऊट?"

"आऊट म्हणजे डब्याचा तळ दिसणे. पीठ संपलं, रन आऊट. चप्पल झिजून भोकं पडली, वेअर आऊट. दुकानातला माल खलास, सेल आऊट. मनात डबा आण आणि आत बघ."

सगळेच शब्द काही असे सोलून निघत नव्हते. काही अडेलतट्टू होते ते पाठच करावे लागले. पण त्या दुपारपासून तिची गाडी रुळावर आली. तिनं शिकवणीत एकदा बटाट्याचं उदाहरण सांगितलं तर पोरी खिदळल्या आणि मग सगळ्यांनी ते वहीत उतरवून घेतलं.

हे सगळं चांगलं चाललं होतं. ऑक्टोबरपर्यंत.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला दानाईनं सरावाचा एक पूर्ण पेपर घरी सोडवायला दिला. स्तमातियानं तो दुपारी स्वयंपाकघरात सोडवला. शेजारी बसून अरेतीनं, बटाटे लवकर आटोपले होते म्हणून, कोऱ्या प्रतीवर पेन्सिलीनं तोच पेपर सोडवला. "गंमत म्हणून गं. तुझ्या बाईला दाखव, तिचीही करमणूक होईल." स्तमातियानं दोन्ही प्रती नेऊन दिल्या.

दोन दिवसांनी शिकवणी सुटल्यावर दानाईनं तिला थांबवून घेतलं.

"स्तमातियाबाई, तुम्हाला एकाहत्तर आहेत. पास व्हाल, पण घासून. हा पेन्सिलीतला कुणाचा?"

"माझ्या मैत्रिणीचा. पाळणाघरातली. ती नुसती यादी धरते."

"यादी धरते?" दानाई हसली. "अठ्ठ्याहत्तर आहेत तिला. यादी पाठ असलेली पोरं माझ्याकडे पन्नास आहेत, कळलेलं माणूस मला पहिल्यांदा भेटतंय. हा फॉर्म घ्या, तिला म्हणावं डिसेंबरच्या परीक्षेला बस. पुढच्या गुरुवारपर्यंत मुदत आहे, आठ दिवस. निबंधाची तयारी मी करून घेते, म्हणावं."

स्तमातियाला इतका आनंद झाला की तिनं दानाईची पापी घेतली. हे खरं आहे, आणि ते सांगायलाच हवं, कारण पुढचं ऐकून कुणी म्हणेल की बाई मुळातच काळ्या मनाची होती. ती नव्हती. फॉर्म पिशवीत घालून ती सायकलवर बसली ती थेट अरेतीकडे जायला. चौकात तिला तिचा मावसभाऊ पांदेलीस भेटला. हा नगरपालिकेत कारकून. त्यानं सायकलचा दांडा धरून तिला कडेला घेतलं.

"ऐक, आणि कुणाला बोलू नकोस. दोन जागा नाहीत. एकच मंजूर झालीय. पुढच्या महिन्यात जाहिरात निघेल, परीक्षेचा कागद मागाहून जोडता येईल."

"एक? अरे पण महापौर..."

"महापौर बोलले. बोलायला काय जातंय. तुमचा दोघींचा अनुभव सारखा, बाकी सगळं सारखं. बाहेरचा कुणी तुमच्या अकरा वर्षांपुढे टिकत नाही. तुझ्याकडे तेवढा तो इंग्रजीचा कागद आला ना, तर जागा तुझी. अरेतीकडे काही कागद नाही ना?"

"नाही," स्तमातिया म्हणाली.

तिनं सायकल वळवली आणि ती घरी गेली.

दुसऱ्या दिवशी पोरं झोपल्यावर अरेतीनं यादी काढली आणि सहज विचारलं, "काय गं, हसली का तुझी दानाई माझ्या पेन्सिलीला?"

"तिला बघायला वेळच नाही झाला," स्तमातिया म्हणाली. "फार गर्दी होती."

"बरं झालं. अब्रू वाचली."

ते इतकं सोपं गेलं की स्तमातियालाच त्याची भीती वाटली. तिनं ठरवलं, उद्या सांगू. उद्याचा परवा झाला. शुक्रवारी पोरांना ताप होता, शनिवार-रविवार सुट्टी. सोमवारी अरेतीनं तिच्यासाठी घरून पालक भरून भाजलेली पोळी आणली, अजून गरम होती, आणि स्तमातियानं ती नंतर खाते म्हणून बाजूला ठेवली. मंगळवारी तिनं स्वतःशी हिशेब मांडला की अरेतीला बहीण तरी आहे श्टुटगार्टला, मला कोण आहे? बुधवारी तिला स्वतःच्या त्या हिशेबाची किळस आली, तरी ती बोलली नाही. गुरुवारी तिनं फॉर्म शेगडीत घातला आणि तो जळेपर्यंत तिथेच उभी राहिली.

शिकवणीत दानाईनं विचारलं, तर ती म्हणाली, "नको म्हणते ती. लाजते." दानाईनं खांदे उडवले.

नोव्हेंबरात जाहिरात निघाली. पाळणाघराच्या दारावर कागद लागला तो अरेतीनंच आधी वाचला. स्वयंपाकघरात येऊन ती कांद्याच्या खोक्यावर बसली.

"एकच आहे गं," ती म्हणाली.

स्तमातियानं चकित व्हायचं सोंग केलं. ते तिला जमलं, याचंच तिला पुढे कित्येक दिवस वाईट वाटत राहिलं.

अरेतीनं ॲप्रनची नाडी बोटाला गुंडाळली. मग म्हणाली, "म्हणजे तुलाच मिळणार. तुझ्याकडे कागद येईल."

"अजून कुठे आलाय."

"येईल. आणायलाच पाहिजेस. आपल्या दोघींतली एक तरी या उंबऱ्यात राहिली पाहिजे, नाहीतर पोरांना नवीनच कुणीतरी येऊन आंबट दही घालेल." तिनं हसायचा प्रयत्न केला. "मीच मूर्ख. तुझ्याबरोबर मीही नाव घालायला हवं होतं. पण स्वतःच्या डोक्याचा भरवसाच वाटला नाही ना मला कधी."

इथे बोलायला अजूनही जागा होती. मुदत टळली होती, परीक्षा आता अरेतीला देता येणार नव्हती, पण खरं तरी सांगता आलं असतं. तुझं डोकं माझ्यापेक्षा चांगलं आहे, एवढं तरी. स्तमातिया म्हणाली, "उगाच काहीतरी बोलू नकोस."

"बरं. चल. ब्रेक डाऊन."

"आज राहू दे ना अरेती."

"राहू दे कशाला? परीक्षा तीन आठवड्यांवर आलीय. ब्रेक डाऊन."

"गाडी बंद पडणे," स्तमातिया म्हणाली. "बोलणी फिसकटणे. रडू कोसळणे."

"आणि कचरा कुजणे. ते विसरलीस."

अरेतीनं एकही दुपार चुकवली नाही. स्वतःचं श्टुटगार्ट डोळ्यांसमोर दिसत असताना ती रोज एक वाजता यादी उघडायची आणि स्तमातियाकडून घोकून घ्यायची. उलट आता जास्तच कडक झाली होती. चुकलं की पुन्हा विचारायची, तिसऱ्यांदा विचारायची. स्तमातियाला वाटायचं, हिनं आपल्याला एखादी तरी सणसणीत ठेवून द्यावी. पण ते कशाबद्दल, हे अरेतीला माहीतच नव्हतं.

परीक्षा जिल्ह्याच्या शहरात, लारिसाला झाली. मोठ्या सभागृहात तीनशे पोरं आणि मध्ये स्तमातिया, चष्मा नाकावर घसरलेला. तिसऱ्या पानावर एक वाक्य होतं: त्याचा उत्साह हळूहळू तिच्यावर 'रब ऑफ' झाला. खाली चार पर्याय. ही जोडी सहाशेच्या यादीत नव्हती. रब म्हणजे घासणे, हे तिला येत होतं. उत्साह कुठे घासतात? मग तिनं डोळे मिटले आणि अरेतीचे हात बघितले. पीठ मळलेले हात. ती बोलता बोलता कुणाच्याही खांद्यावर हात ठेवायची आणि तिच्या हाताचं पीठ सुटून समोरच्याच्या कपड्याला लागायचं. सुटलं, आणि दुसऱ्याला लागलं. स्तमातियानं तिसऱ्या पर्यायावर खूण केली. बरोबर आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं. तशा आणखी पाच-सहा खुणा तिनं त्या हातांकडे बघून केल्या, आणि शेवटच्या पानावर आली तेव्हा तिला कळून चुकलं होतं की ती पास होणार आहे. तिला पेपर फाडून बाहेर पडावंसं वाटलं. तिनं तो नीट जुळवून दिला, वर नाव बरोबर आहे का ते पुन्हा बघून.

फेब्रुवारीत एका गुरुवारी निकाल लागला. दानाईचा फोन आला, "बाई, चौऱ्याहत्तर! उद्या मिठाई पाहिजे."

आमच्याकडे आनंद ज्याला होतो त्यानं दुसऱ्यांचं तोंड गोड करायचं असतं. पास झालात आणि खोका घेऊन आला नाहीत, तर लोक समजतात की कुठेतरी पाणी मुरतंय. शुक्रवारी सकाळी स्तमातिया हलवायाकडून दुधाच्या पाकातल्या वड्यांचा फीत बांधलेला खोका घेऊन निघाली. रस्ता दानाईच्या शिकवणीवरून जातो. शिकवणीवाले पास झालेल्यांची नावं मोठ्या अक्षरांत काचेवर लावतात. काचेवर अकरा नावं होती आणि त्या पोरीसोरींच्या मध्ये तिचं. काचेसमोर अरेतीची सायकल उभी होती. अरेती दानाईशी बोलत होती.

"या, या!" दानाईनं लांबूनच हाक मारली. "तुमच्या मैत्रिणीला हेच विचारत होते, की मी ऑक्टोबरात, मुदतीच्या आठ दिवस आधी, स्तमातियाबाईंबरोबर फॉर्म पाठवला, तो तुम्ही का नाही भरला? तर या म्हणतात, कसला फॉर्म! अहो, अठ्ठ्याहत्तर होते यांना. यांचं नाव आज इथे सगळ्यांत वर लागलं असतं."

स्तमातियाच्या दोन्ही हातांत खोका होता, त्यामुळे तिला तोंड लपवायला हात नव्हता. अरेती तिच्याकडे बघत होती. आधी प्रश्न होता त्या नजरेत, खरंच नुसता प्रश्न. मग तिनं मनात तारखा जुळवल्या असाव्यात, कारण तो प्रश्न गेला. ती सायकलवर बसली आणि कामाला गेली.

पाळणाघरात स्तमातियानं खोका उघडला. बाया गोळा झाल्या, मुख्याध्यापिका आली, "लाभो, लाभो" झालं. अरेतीही पुढे आली. तिनं एक वडी उचलली, उभ्या उभ्या पूर्ण खाल्ली, बोटं पुसली आणि कामाला लागली. चारचौघींसमोर मिठाई नाकारली असती तर लोकांनी कारण विचारलं असतं, आणि कारण सांगण्यापुरतंसुद्धा स्तमातियाचं नाव तोंडी घ्यायची तिला आता इच्छा उरली नव्हती.

एकला पोरं झोपली. अरेती बटाटे घेऊन बसली. स्तमातिया दाराशी उभी राहिली, मग आत आली, मग तिच्यासमोर जमिनीवरच बसली.

"मला शिव्या दे, अरेती. काय वाटेल ते बोल. मी घाबरले गं, पांदेलीस म्हणाला एकच जागा आहे, आणि माझी मती गेली. मी नाव मागे घेते. पत्र लिहून देते आजच."

"त्यानं काय होईल?" अरेती सोलत राहिली. "मी तर अर्जच केला नाही, आणि त्याची मुदत कधीच गेली. बाहेरचं कुणीतरी येईल."

"मी सांगणार होते तुला. देवाशपथ, रोज सांगणार होते."

अरेतीनं बटाटा पाण्यात टाकला आणि दुसरा घेतला.

"आठ दिवस होते तुमच्याकडे," ती म्हणाली. अकरा वर्षांत तिनं स्तमातियाला पहिल्यांदा 'तुम्ही' म्हटलं, आणि जूनमध्ये श्टुटगार्टच्या बसमध्ये चढेपर्यंत ती तसंच म्हणत राहिली.